रक्तातील प्रथिन कसे ओळखतात?

छातीत कळ येऊन एखादा मनुष्य रुग्णालयात दाखल झाला, की त्याचा कार्डिओग्राम काढतात आणि त्याबरोबर थोडे रक्तही घेतात. या रक्तात कशाचा शोध घ्यावयाचा असतो? हृदयाच्या स्नायूला इजा झाली, म्हणजे त्यातील ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात झिरपू लागते. त्याचे प्रमाण मोजावयाचे तर ग्रॅमच्या अब्जांशांत मोजावे लागते. आणि त्याच रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरात इतर प्रथिने सुमारे सत्तर मिलिग्रॅम असतात. पंढरीच्या वारीत एकच माणूस हुडकण्यासारखे हे काम आहे.

हे काम प्रतिपिंडांकडून करून घेतात. शरीरात परकी वस्तू शिरली, की तिला नेमकी ओळखून चिकटणारी प्रथिने शरीर तयार करते. त्यांनाच प्रतिपिंडे म्हणतात. १९७५ साली केंब्रिज येथे केलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची रीत दाखविली. त्यामुळे केवळ ट्रोपोनिनलाच धरणारी प्रतिपिंडे आज मिळू शकतात. परंतु धरलेले प्रथिन गर्दीतून बाहेर कसे काढावयाचे? येथे बायोटिन हे जीवनसत्त्व उपयोगी पडते.

बायोटिनची कथा अंड्यापासून सुरू होते. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिकेने उंदरांना अंड्याच्या कच्च्या पांढऱ्या बलकावर ठेवले, तेव्हा त्यांचे केस झडले व कातडी सुजली. पुढे १९३६ मध्ये हॉलंडात कोगल व टोनिस यांनी अडीचशे किलोग्रॅम वाळलेल्या पिवळ्या बलकातून जेमतेम एक मिलिग्रॅम बायोटिन वेगळे केले. पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला गच्च धरून ठेवते आणि म्हणून ते शरीराला मिळत नाही, हा उलगडा १९४०-४१ च्या सुमारास झाला. अंडे शिजविले की ॲव्हिडिन निकामी होते. तेव्हा उकडलेले अंडे खाणाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही!

उंदरांना बाधलेली ही पकड पुढे संशोधकांना वरदान ठरली. बायोटिनचा रेणू इतका लहान असतो, की तो प्रतिपिंडाला जोडला तरी प्रतिपिंडाच्या कामात सहसा अडथळा येत नाही. ॲव्हिडिनला, तसेच मातीतील एका जंतूपासून मिळणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनला, बायोटिन धरण्याच्या चार जागा असतात. विहिरीत घागर पडली म्हणजे आपण दोराला गळ बांधून आत सोडतो ना? येथे ट्रोपोनिन ही घागर, बायोटिन ही तिच्या गळ्यात प्रतिपिंडाने अडकविलेली कडी आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन हा चार आकड्यांचा गळ, असे समजावे. हा गळ बारीक कणांवर बसविलेला असतो. दुसरे एक प्रतिपिंड ट्रोपोनिनला निराळ्या जागी चिकटते आणि त्याला प्रकाश देणारा पदार्थ जोडलेला असतो. कण धुऊन काढले, की गळाला न लागलेले सारे वाहून जाते. उरलेला प्रकाश जितका अधिक, तितके ट्रोपोनिन अधिक.

आता असे समजा, की विहिरीत आधीच हजारो सुट्या कड्या पडल्या आहेत. गळाचे आकडे त्यांनीच भरून जातील आणि घागर तळाशीच राहील. केस व नखे यांसाठी म्हणून ज्या बायोटिनच्या गोळ्या विकल्या जातात, त्यांनी नेमके हेच घडू शकते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे तीस मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते. दहा मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे तीनशेहून अधिक दिवसांचा शिधा झाला! अशा माणसाच्या रक्तातील सुटे बायोटिन गळ अडवून बसते, प्रकाश मंद पडतो आणि यंत्र सांगते, ‘ट्रोपोनिन कमी आहे’. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. पुष्कळ बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचे ट्रोपोनिन चाचणीत चुकीने कमी दिसले व पुढे तो दगावला, अशी नोंद त्या इशाऱ्यात आहे. थायरॉइडच्या काही चाचण्यांतही असाच घोटाळा होतो. त्यांतील ज्यांची रचना उलट असते, त्यांत आकडा कमी न येता खोटाच वाढून येतो.

यावरून या चाचण्या टाकाऊ आहेत, असे कोणी समजू नये. पुष्कळ चाचण्यांत बायोटिनचा उपयोगच नसतो आणि ज्यांत असतो त्यांतल्याही कित्येकांची रचना आता सुधारली आहे. परंतु यंत्र प्रकाश मोजते, ट्रोपोनिन नव्हे. प्रकाशावरून ट्रोपोनिनचे अनुमान आपण करतो. त्या अनुमानात कोठे खोट येऊ शकते, हे प्रयोगशाळेला ठाऊक असले, तरी रुग्णाने घरी कोणती गोळी घेतली हे तिला कळावे कसे? ‘ते काही औषध नव्हे, साधे जीवनसत्त्व आहे,’ असे म्हणून आपण ती गोष्ट सांगतच नाही. म्हणून रक्त देताना आपण घेत असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना व प्रयोगशाळेला सांगावी. एवढ्या एका वाक्याने पुढचा अनर्थ टळू शकेल.