संगणकाचा वेग आणि मे महिन्याचे ऊन

संगणकावर खेळ खेळणाऱ्या मुलांच्या बोलण्यात ‘ओव्हरक्लॉकिंग’ हा शब्द नेहमी येतो. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा त्याला अधिक वेगाने पळवावयाचे, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मग दोन प्रश्न पडतात. प्रोसेसर कोणता घ्यावा? आणि तो थंड कसा ठेवावा? वास्तविक हे दोन प्रश्न एकच आहेत. आपल्या जिंतूरला मे महिन्यात पारा ४२ अंश सेल्सिअसच्या घरात जातो. तेथे हा हिशेब चुकला, तर घरच्यांनी साठविलेले पैसे वाया जातात.

प्रथम उष्णता कोठून येते ते पाहू. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. या कामी लागणारी विद्युत्‌शक्ती मुख्यतः वारंवारतेच्या आणि विद्युत् दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढविला की बहुधा दाबही वाढवावा लागतो. समजा, दोन्ही १० टक्क्यांनी वाढविले. मग १.१ × १.१ × १.१ = १.३३. म्हणजे वेग वाढला १० टक्के, पण उष्णता वाढली ३३ टक्के!

ही उष्णता किती, याची कल्पना यावी म्हणून एक उदाहरण घेऊ. इंटेलच्या ‘कोअर आय९-१४९००के’ या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट आणि भरधाव चालताना कमाल २५३ वॅट आहे. त्यातील सिलिकॉनच्या चकतीचे क्षेत्रफळ जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० वॅट! घरच्या १००० वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तेथे हे प्रमाण फक्त ५ वॅट पडते.

आता थंड करण्याच्या पद्धती पाहू. पहिली म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या आणि त्यांवर पंखा. दुसरी म्हणजे नळ्यांतून फिरणारे पाणी. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, ती एक लिटर हवेच्या सुमारे ३५०० पट असते. पुण्याच्या आयसर संस्थेत सी-डॅकने २०१९ साली उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकातही प्रोसेसर थेट द्रवाच्या साहाय्याने थंड ठेवले जातात.

परंतु घरगुती संगणकात पाणी हे केवळ हमाल आहे. ते उष्णता उचलून नेते आणि शेवटी खोलीच्या हवेतच टाकते. म्हणून पंखा असो वा पाणी, प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही.

आता हिशेब करू. समजा, साध्या पंख्याने दर वॅटला तापमान ०.४ अंशाने चढते आणि पाण्याने ०.२५ अंशाने. १२५ वॅटचा प्रोसेसर पंख्याखाली ५० अंश चढेल. डिसेंबरात खोली २० अंशांवर असली तर ७०, आणि मेमध्ये ९२ अंश. त्याचा वेग वरीलप्रमाणे वाढविला की १६६ वॅट होतात. डिसेंबरात ८६ अंश, म्हणजे ठीक. पण मेमध्ये १०८! या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. ती गाठली की तो स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग फुकट गेले.

पाण्याची पद्धत घेतली तर १६६ वॅटला मेमध्ये ८४ अंश होतात. पण २५३ वॅटला तीही १०५ अंशांवर हात टेकते. याउलट ६५ वॅटचा प्रोसेसर वेग वाढवून ८६ वॅटवर नेला, तरी साध्या पंख्याखाली भर उन्हाळ्यात तो ७७ अंशांवरच राहतो. कमी वॅट घेणारा प्रोसेसर निवडणे हीच थंड ठेवण्याची पहिली पद्धत होय.

दुसरा उपाय खोलीचा. वाळ्याचा कूलर कोरड्या हवेत खोलीचे तापमान दहा-बारा अंशांनी सहज उतरवितो, आणि तेवढाच प्रोसेसरही उतरतो. मात्र पाण्याचे तुषार संगणकावर उडू देऊ नका. पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा लाभ फारसा मिळत नाही. शिवाय आपल्या काळ्या मातीची धूळ पट्ट्यांत बसली की उष्णतेची वाट अडते. म्हणून संगणक बंद करून, वीज काढून, ती मऊ ब्रशाने झाडावी. संगणकाची पेटी भिंतीला चिकटवून ठेवू नये.

करून पाहा: खोलीत तापमापी ठेवा. संगणकावर एकच खेळ अर्धा तास चालवून प्रोसेसरचे तापमान पाहा आणि दोन्हींतील फरक वहीत लिहा. हा प्रयोग सकाळी व दुपारी करा. पंख्याचा वेग तोच असेल तर फरक जवळपास सारखाच येईल. त्या फरकात ४२ मिळवा. येणारी संख्या मर्यादेच्या दहा अंश तरी खाली असेल, तरच वेग वाढविण्याचा विचार करा.