धोट्याचे नेढे

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत ज्यांचे काही काळ वास्तव्य झाले आहे, त्यांना यंत्रमागाच्या खटखटीचे वर्णन करून सांगावयास नको. घराच्या पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मधल्या जागेत मुलांचा अभ्यास, अशी येथील कित्येक कुटुंबांची रचना आहे. अशाच एका वस्तीतील शाळेत आम्ही अनेक वर्षे मराठी शिकविले. वर्गात कविता चालू असताना खिडकीबाहेरचा माग आपला ताल धरीत असे. तो ताल मध्येच थांबला, की चार-दोन मुले दचकून बाहेर पाहत. माग थांबला म्हणजे घरात काहीतरी अडले, हे त्या बालजीवांना आमच्या आधी समजे.

काही वर्षांपूर्वी शाळेतील विज्ञान प्रदर्शनासाठी इयत्ता सातवीतील एका मुलाने घरून एक जुना धोटा आणला. वापरून वापरून काळा, गुळगुळीत झालेला लाकडी धोटा. दोन्ही टोकांस धातूची टोपणे. पोटात सुताची कांडी बसविण्याची पोकळी. आणि एका टोकाजवळ, अंगाच्या बाजूस, एक बारीक भोक. त्या मुलाचे आजोबाही समवेत आले होते. साठ वर्षे माग चालविलेला तो वृद्ध गृहस्थ. आम्ही त्यांस विचारले, "आजोबा, या एवढ्याशा भोकातून दोरा बाहेर कसा काढता?" ते हसले. त्यांनी कांडीचे टोक आतून भोकाजवळ धरले, धोटा तोंडाशी नेला, भोकावर ओठ टेकले आणि श्वास आत ओढला. क्षणार्धात दोरा त्यांच्या ओठांत आला.

"असा काढायचा, गुरुजी. दिवसातनं किती वेळा, त्याचा हिशेब कोण ठेवतोय?"

मुले टाळ्या वाजवू लागली, परंतु मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, दोऱ्याला आत जायला वरूनच वाट का नाही ठेवली?"

त्या मुलीला आम्ही त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुईच्या छिद्रास आपण नेढे म्हणतो. धोट्याचे हे छिद्र म्हणजे त्याचे नेढेच होय. वस्त्र विणावयाचे म्हणजे उभ्या धाग्यांच्या ताण्यामधून आडवा धागा पुनःपुन्हा न्यावयाचा. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली जातात. मध्ये जी वाट पडते तीतून धोटा पळतो. मग फणी पुढे येऊन तो धागा ठोकून बसविते. पूर्वी विणकर धोटा एका हातातून दुसऱ्या हातात फेकीत असे. त्यामुळे कापडाचा पन्हा त्याच्या हातांच्या पल्ल्याएवढाच राही. इंग्लंडातील लँकेशायर परगण्याच्या जॉन के याने १७३३ मध्ये दोरीच्या झटक्याने पळणाऱ्या धोट्याचे पेटंट घेतले आणि ही मर्यादा मोडली. पुढे १७८५ मध्ये एडमंड कार्टराइट याने यंत्रमागाचे पहिले पेटंट मिळविले. १८४० नंतरच्या काळात केनवर्दी आणि बुलो यांच्या सुधारणांनी, आडवा दोरा तुटताच आपण होऊन थांबणारा माग सिद्ध झाला. तोच लँकेशायर माग या नावाने जगभर गेला. मुंबईच्या गिरण्यांत तो आला आणि साध्या यंत्रमागाच्या रूपाने आपल्या इचलकरंजीसारख्या गावीही त्याचेच भाऊबंद पोहोचले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये बसविला, ही गोष्ट त्या गावात आजही अभिमानाने सांगितली जाते.

परंतु एवढे सर्व बदलूनही ते नेढे मात्र तसेच राहिले. यंत्राच्या वेगाबरोबर कांडी लवकर संपू लागली आणि विणकराच्या ओठांचे काम मात्र वाढले. समजा, एक कांडी पाच मिनिटे पुरते आणि एक विणकर चार माग सांभाळतो. आठ तासांच्या पाळीत त्यास ३८४ वेळा धोटा तोंडास लावावा लागेल. सुताचे बारीक तंतू, खळ, रंग, यंत्राचे तेल हे सारे त्या श्वासासंगे तोंडात जावयाचे. तोच धोटा दुसऱ्या पाळीचा विणकर तोंडास लावणार. लँकेशायरात या रीतीस 'धोट्याचे चुंबन' असे नाव होते. अमेरिकेत त्याच चुंबनास मृत्यूचे विशेषण जोडण्यात आले, कारण क्षयासारखे रोग या मार्गाने एकाकडून दुसऱ्याकडे जातील, अशी सार्थ भीती तेथे निर्माण झाली होती. बारीक आकड्याने दोरा ओढून घेता येत नव्हता असे नाही. परंतु मजुरी कापडाच्या वारावर, आणि आकड्यापेक्षा श्वास जलद. पोटाने ओठांस कामास लावले, असेच म्हणावयास हवे.

या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते मात्र विणकराची दया येऊन नव्हे. इंग्लंडातील कीली गावी जन्मलेला जेम्स नॉर्थ्रप हा यंत्रकुशल मनुष्य अमेरिकेत जाऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील होपडेल येथील ड्रेपर यांच्या कारखान्यात काम करू लागला. माग न थांबविता रिकामी कांडी आपोआप बदलली जावी, हा त्याचा ध्यास. मागाच्या बाजूस भरलेल्या कांड्यांचे फिरते चक्र बसवावे; धोट्यातील सूत संपत आले, की एका हातोडीने नवी कांडी वरून धोट्यात दाबावी आणि रिकामी कांडी खालून निघून जावी, अशी ती योजना होती. ती सफल झाली. पण एका जागी अडली. नव्या कांडीचा दोरा नेढ्यातून काढावयाचा कोणी? यंत्रास ओठ नाहीत आणि श्वासही नाही!

तेव्हा धोट्याचे नेढेच बदलावे लागले. भोकाच्या वरच्या अंगास एक वाकडी चीर पाडण्यात आली. धोटा एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, की दोरा त्या चिरेत उतरतो आणि परतीच्या फेरीत नेढ्यात जाऊन बसतो. ऐकावयास हे सोपे वाटते; खरी अडचण पुढेच आहे. ज्या वाटेने दोरा आत आला, त्याच वाटेने तो बाहेर पडता कामा नये. मिनिटास शंभर-दीडशे वेळा फेकला जाणारा धोटा, प्रत्येक वेळी एकदम थांबणारा. आतील दोरा त्या धक्क्याने सैल होऊन उसळी घेतो. म्हणून चीर सरळ न ठेवता तिला वळण द्यावयाचे आणि तिच्या मुखाशी धातूची जीभ अशी बसवावयाची, की आत येणाऱ्यास वाट मिळावी आणि बाहेर जाणाऱ्यास अडसर व्हावा. उंदराच्या सापळ्याचे तत्त्व ते हेच. नॉर्थ्रपचे माग १८९४ पासून विक्रीस आले आणि पाहता पाहता अमेरिकेतील गिरण्यांत पसरले.

आमच्या त्या विद्यार्थिनीने जी वाट सुचविली होती, ती अशा रीतीने सापडली. ती साध्या, हाताने कांडी बदलावयाच्या मागासही उपयोगी होती. चिरेत दोरा बोटाने बसविला, की काम झाले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये श्वासाने दोरा ओढावयाच्या धोट्यांस कायद्याने मनाई केली. लँकेशायरमध्ये मात्र धोट्याचे चुंबन बंद करणारे नियम यावयास १९५२ साल उजाडले. नवा धोटा महाग, जुने धोटे हजारोंनी पडलेले, विणकरांस जुनी रीत अंगवळणी पडलेली. कारणांस कधी तोटा नसतो. माणसाच्या ओठांसाठी जी सुधारणा कित्येक वर्षे निघाली नाही, ती यंत्रास ओठ नव्हते म्हणून निघाली. आणि निघाल्यावरही माणसापर्यंत पोहोचावयास अर्धे शतक लागले.

येथवर ही कथा परदेशाची झाली. परंतु याच नेढ्याची एक कथा आपल्या मुंबईची आहे आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यास साचेखाते म्हणत. तेथील मजुरी कताईच्या खात्यांहून चांगली. कोकण-घाटावरून आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांची चूल या गिरण्यांवर पेटत असे. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील कामगारांस साचेखात्यात सहसा प्रवेश नव्हता. त्यांनी कताईच्या खात्यात राबावे, साच्यांवर येऊ नये. कारण सांगितले जाई ते हेच : कांडी बदलताना दोरा तोंडाने ओढावा लागतो, त्यांच्या तोंडास लागलेला धोटा आम्ही तोंडास कसा लावावा? ज्या चुंबनाची लँकेशायरला रोगाच्या भयाने चिंता वाटली, त्याच चुंबनाची मुंबईस विटाळाच्या भयाने चिंता वाटली!

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष लोटले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला : सर्व कामगारांच्या नावाने लढावयाचे, तर साचेखात्याचे दार काही कामगारांस बंद कसे? ही मागणी पुढाऱ्यांनी नाखुशीनेच पदरी घेतली. पुढेही पुष्कळ वर्षे ते दार पुरते उघडले नाही.

आम्ही हा इतिहास वाचला आणि त्या मुलीचा प्रश्न पुन्हा कानांत घुमू लागला. दोऱ्याला वरून वाट का नाही ठेवली? १९२८ मध्ये चिरेचा धोटा जगास अपरिचित नव्हता. मॅसॅच्युसेट्सचा कायदा होऊन सतरा वर्षे झाली होती. लाकडाच्या तुकड्यास एक वाकडी चीर आणि धातूची एक जीभ, एवढ्याने ओठांचा प्रश्नच मिटला असता. मग तो का मिटविला गेला नाही? आमच्या अल्प मतीप्रमाणे याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. अडचण खरोखर थुंकीची असती, तर ती दूर करणारा धोटा सर्वांनी मिळून मागितला असता. आपले ओठही वाचले असते. तो कोणी मागितला नाही, याचा अर्थ अडचण थुंकीची नव्हती. चांगल्या मजुरीचे दार आपल्यापुरते राखावयास एक निमित्त हवे होते, आणि ते त्या बारीक भोकाने पुरविले.

परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी माणसांस, आपल्यासाठी कोणते दार उघडे आणि कोणते बंद, याची जाण थोडी अधिकच असते. म्हणूनच आपण दुसऱ्यासाठी लावलेली दारेही आपण आठवावीत, असे आम्हांस वाटते. मुलांस जॉन के आणि कार्टराइट ही नावे पाठ्यपुस्तकातून कळतात. साचेखात्याची गोष्टही घरातून कळावी.

आता धोट्याचेच दिवस भरत आले आहेत. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सुल्झर कारखान्याचा माग बाजारात आला. त्यात जड धोट्याऐवजी सुमारे चाळीस ग्रॅम वजनाचा, कांडी नसलेला, केवळ दोऱ्याचे टोक पकडून धावणारा छोटा पोलादी तुकडा होता. नंतर दांडीने, पाण्याच्या वा हवेच्या झोताने दोरा नेणारे माग आले. मुंबईच्या बहुतेक गिरण्या १९८२ च्या संपानंतरच्या काळात एकेक करून थंडावल्या. इचलकरंजीत बिनधोट्याचे माग आले आहेत. आमच्या बेळगावच्या वस्तीत मात्र साध्या यंत्रमागांवर धोटा अजून पळतो आहे. ज्यांना नवे माग परवडत नाहीत, ते विणकर जुन्यावरच दिवस काढीत आहेत. सुधारलेला भाग कोणाच्या हाती आधी येतो आणि कोणाच्या हाती कधीच येत नाही, हा प्रश्न नेढ्याच्या प्रश्नाहून निराळा नाही.

प्रदर्शन संपल्यावर त्या आजोबांनी धोटा परत नेला नाही. "राहू दे शाळेत, पोरांना दाखवायला," म्हणाले. निघताना आम्ही त्यांस विचारले, की चिरेचा धोटा त्यांनी कधी वापरला होता काय? ते म्हणाले, "नंतर नंतर वापरला की, गुरुजी. पण सवय वाईट. वाट वरनं असली तरी तोंड आपोआप खाली जायचं."

तो धोटा आज शाळेच्या कपाटात, नकाशांच्या शेजारी आहे. सातवीचा नवा वर्ग आला, की आम्ही तो मुलांच्या हाती देतो. पण तोंडास लावू देत नाही. नेढ्यातून दोरा कसा काढाल, एवढेच विचारतो आणि त्यांचे त्यांना उत्तर शोधू देतो. दर वर्षी कोणी ना कोणी मूल म्हणतेच, "वरून चीर पाडा की, गुरुजी!"