पगाराच्या रात्री अर्धे पान

‘आत्मपरीक्षण करा’ असे सभेत वक्ते सांगतात, आपण टाळ्या वाजवतो आणि घरी येतो. नोकरदाराला मात्र ते दरवर्षी लेखी करावे लागते. सरकारी नोकरीत अनेक पदांच्या गोपनीय अहवालात साहेबांच्या शेऱ्याआधीचा एक भाग कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा असतो. वर्षात काय केले, काय राहिले, का राहिले. मार्च संपला की हा कागद टेबलावर येतो आणि आपली बरीच मंडळी एकच ओळ लिहितात, ‘नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली.’ खाली सही. झाले!

ओळ खोटी नसते. पण ज्याने रजेवरच्या सहकाऱ्याचे टेबल चार महिने सांभाळले, तुंबलेल्या फायली निकाली काढल्या, त्याचीही तीच ओळ. मग ‘चांगला’ असा शेरा पडतो आणि आपण खूश होतो. बढतीच्या वेळी तोच आडवा येतो. देव दत्त या सीमा रस्ते सेवेतील कार्यकारी अभियंत्यांचे असेच झाले. बढतीसाठी पाच वर्षे ‘अतिशय चांगला’ हवे होते. १९९३-९४ साली नुसता ‘चांगला’ पडला आणि तो त्यांना कोणी कळवलाही नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक शेरा, बरा असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. तोवर ते निवृत्त झाले होते. २०१३ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच कायम केले. केंद्र सरकारच्या २००९ च्या आदेशाप्रमाणे अहवाल हाती आल्यापासून १५ दिवसांत आपले म्हणणे मांडता येते.

पण जवळ नोंदच नसेल तर मांडणार काय?

आम्ही म्हणतो, एक शंभर पानी वही करा. पगाराच्या रात्री किराण्याचा हिशेब झाला की अर्धे पान लिहा. कोणते काम एकट्याने केले, किती केले, कुठे अडलो, कोणाला विचारावे लागले. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. सहा महिने ओळीने ‘टिपणी दुसऱ्याकडून लिहून घेतली’ असे निघाले, तर पुढे काय शिकायचे ते वहीनेच सांगितले. (साहेबावरचा राग यात लिहू नये. त्याला वही पुरणार नाही.) वडील गिरणीत, आई बिगारी कामावर, अशा घरातून पहिल्यांदा कचेरीत गेलेल्या मुलाला तिथल्या खाचाखोचा सांगणारे काका-मामा नसतात. त्याने तर ही वही जरूर करावी.

कारखान्यातल्या, खासगी कामावरच्या बंधू-भगिनींपुढे असा अहवाल बहुधा येत नाही. पण नव्या ठिकाणी ‘काय काय येते?’ असे विचारले की आपण म्हणतो, ‘सगळं येतं साहेब.’ कोणते मशीन चालवले, ड्रॉइंग वाचून जॉब काढता येतो का, नव्या पोरांना कोण शिकवत होते, हे सांगितले तर पगाराचा आकडा बोलताना बळ येते.

अहवाल भरताना वहीतल्या तीन-चार ठळक गोष्टी आकड्यांसह घाला. राहिलेले कामही कारणासह लिहा. आधी कच्चे लिहून घरातल्या शिकत्या मुलाला-मुलीला वाचायला द्या. त्यांना कळले तर साहेबांनाही कळेल. कागद देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढा आणि त्याच वहीत ठेवा.