अवकाशखेळातील बचावपेट्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलँडमधील सीसीपी गेम्स या कंपनीचा अवकाशखेळ ६ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात हजारो खेळाडू एकाच आभासी विश्वात एकाच वेळी वावरतात, व्यापार करतात, लढतात आणि एकमेकांना लुटतातही. १० मार्च २००९ च्या 'अपोक्रिफा' आवृत्तीने या विश्वात सुमारे २,५०० नव्या तारकाप्रणालींची भर घातली. जुन्या प्रणालींना जोडणारी कायमची प्रवेशद्वारे नकाशावर दिसतात. नव्या प्रणालींत मात्र तात्पुरत्या वर्महोलमधूनच शिरता येते आणि तसेच बाहेर पडता येते. आत गेलेल्या खेळाडूला परतीची वाट सापडेनाशी होणे ही तिथली नेहमीची अडचण. तिच्यावर 'सिग्नल कार्टेल' या खेळाडूंच्या संघटनेने उपाय काढला: अशा प्रणालींमध्ये आधीच कुलूपबंद पेट्या ठेवायच्या आणि अडकलेल्याने मदत मागितली की त्याला पेटीचा पत्ता व सांकेतिक शब्द द्यायचा. संघटनेच्या 'ईव्ह-स्काउट' या सेवेमार्फत हे काम चालते.

संकट येण्याआधीच संकटाच्या जागी साहित्य ठेवण्याची ही कल्पना खेळापुरती नाही. नागपूर हे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय आहे. सावनेर, सिल्लेवाडा या परिसरात भूमिगत खाणी आहेत आणि तिथल्या बचावव्यवस्थेपुढेही हेच प्रश्न असतात: काय ठेवायचे, कुठे ठेवायचे, ते चालू स्थितीत कसे राखायचे. त्यामुळे खेळातील पेट्यांविषयीचे बरेच गैरसमज खाणीकडे पाहिले की लवकर दूर होतात.

गैरसमज: अवकाशात अडकणे म्हणजे इंधन संपणे.

वस्तुस्थिती: ईव्हमधील सामान्य जहाजांना इकडून तिकडे जाण्यासाठी इंधन लागत नाही. इंधन संपून बंद पडण्याचा प्रकार २०१४ साली आलेल्या 'एलिट डेंजरस' या दुसऱ्या अवकाशखेळातला. तिथे २०१५ पासून 'फ्युएल रॅट्स' नावाचे स्वयंसेवक अडकलेल्यांपर्यंत इंधन पोहोचवतात. ईव्हमध्ये जहाज धडधाकट असते, वाट मात्र दिसत नाही. प्रत्येक वर्महोल प्रणालीतून बाहेर पडणारी किमान एक वाट असतेच. ती मिटली की तिच्याऐवजी दुसरी उघडते, पण निराळ्या ठिकाणी. बहुतेक वाटा एक-दोन दिवसांत नाहीशा होतात. ठरावीक वस्तुमान आरपार गेले की त्याहूनही लवकर मिटतात. नवी वाट शोधण्यासाठी जहाजावरून शोधयंत्रे, म्हणजे प्रोब, सोडावे लागतात. प्रोब संपले, हरवले किंवा ते सोडणारा लाँचर जहाजावर बसवायचाच राहिला, तर दार उघडे असूनही खेळाडू कोंडला जातो.

गैरसमज: पेटीत दारूगोळा, सुटे भाग आणि मौल्यवान माल भरलेला असतो.

वस्तुस्थिती: पेटीत असतात ते प्रोब आणि प्रोब सोडणारा लाँचर. दोन्ही वस्तू खेळाच्या बाजारात स्वस्त मिळतात. नेमकी कमतरता कशाची आहे हे ओळखून तेवढेच ठेवल्यामुळे एक सदस्य एका फेरीत अनेक पेट्या मांडू शकतो आणि एखादी लुटली गेली तरी नुकसान किरकोळ राहते.

खाणकामगाराच्या कमरेला असणारा फिल्टर पद्धतीचा स्व-बचावक याच तर्काने बनला आहे. आग किंवा स्फोटानंतर खाणीत पसरणारा कार्बन मोनॉक्साइड हा मोठा घातक वायू. बचावकातील मँगनीज डायऑक्साइड व कॉपर ऑक्साइड यांचे 'हॉपकॅलाइट' हे मिश्रण त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. हे उपकरण प्राणवायू पुरवते असा समज असतो, पण ते काम त्याचे नाही. हवेत पुरेसा प्राणवायू असेल तेव्हाच ते उपयोगी पडते. प्राणवायू कमी असलेल्या जागी स्वतःचा प्राणवायू असणारे निराळे उपकरण लागते.

साहित्य धोक्याला साजेसे नसेल तर त्याचा साठा कितीही मोठा असून उपयोग नाही. डिसेंबर १९५४ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगारांचा मृत्यू झाला. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि ही खाण त्याच राज्यात होती. वायू गाळणारे कोणतेही उपकरण अशा पुरापुढे निरुपयोगीच ठरते.

गैरसमज: पेट्या लपवलेल्या असतात, कारण त्या फक्त संघटनेच्या सदस्यांसाठी असतात.

वस्तुस्थिती: मदत मागणारा कोणत्या गटाचा आहे हे पाहिले जात नाही. सिग्नल कार्टेल तटस्थ राहते आणि ओळखीचा, अनोळखी, लढाऊ गटातला अशा कोणालाही पेटी उघडून देते. लपवण्याचे कारण वेगळेच आहे. अवकाशात नांगरलेली पेटी गोळीबाराने फोडता येते. शिवाय वर्महोल प्रणालीत हजर असलेल्यांची यादी आपोआप दिसत नाही, त्यामुळे दबा धरून बसणे सोपे असते. पेटी उघड्यावर असेल तर तिच्याकडे येणारा अडकलेला खेळाडू आयताच शिकाऱ्याच्या तावडीत सापडेल. म्हणून ती ये-जा होणाऱ्या जागांपासून दूर ठेवतात आणि ग्रहाचे नाव, दिशा व अंतर अशा स्वरूपात तिचा पत्ता नोंदवतात.

लपवणे हा बचावाचा नियम नाही, ही त्या विशिष्ट जगाची गरज आहे. खाणीत शत्रू धूर आणि अंधार असतो. तिथे साहित्य जितके सहज सापडेल तितके चांगले. म्हणून ते बाहेर जाण्याच्या वाटेवरच, चाचपडतही हाताला लागेल असे मांडतात आणि त्याची जागा प्रत्येक कामगाराला आधीच ठाऊक असावी लागते.

गैरसमज: साहित्य भरपूर असेल तर ते कुठेही ठेवले तरी चालते.

वस्तुस्थिती: साठ्याचा उपयोग जागेवर ठरतो. रॉबर्ट स्कॉट यांच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतील 'वन टन डेपो' हे त्याचे सर्वश्रुत उदाहरण. अन्न आणि इंधनाचा हा साठा ८० अंश दक्षिण अक्षांशावर ठेवायचे ठरले होते. तट्टू थकल्यामुळे फेब्रुवारी १९११ मध्ये तो त्याच्या अलीकडेच, परतीच्या वाटेवर आणखी लांब पडेल असा, ठेवावा लागला. मार्च १९१२ मध्ये परतणारे स्कॉट आणि त्यांचे दोन साथीदार या साठ्यापासून सुमारे १८ किलोमीटर अंतरावर मरण पावले.

खाणींसाठी अंतर मोजण्याचे माप पुढे कायद्याने घालून दिले. २ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सागो खाणीत स्फोट झाला आणि १२ कामगार मरण पावले. अडकलेल्यांपैकी एकच जण वाचला. त्यानंतर त्याच वर्षी झालेल्या कायद्याने बाहेर जाण्याच्या वाटेवर जादा स्व-बचावकांचे साठे सक्तीचे केले. दोन साठ्यांतील अंतर मीटरमध्ये न सांगता सरासरी कामगार ३० मिनिटांत चालू शकेल इतकेच असावे, असे त्यात ठरले. अंतर कागदावरचे न घेता चालत बाहेर पडणाऱ्या माणसाचे घ्यायचे, हा त्यामागचा विचार.

ईव्हमध्ये एका प्रणालीतून दुसरीत वाट शोधल्याशिवाय जाता येत नाही आणि वाट शोधणारे साधनच तर अडकलेल्याकडे नसते. त्यामुळे शेजारच्या प्रणालीतील पेटी त्याला शून्य उपयोगाची. पेटी त्याच प्रणालीत असावी लागते. म्हणूनच काही मोजकी मोठी कोठारे उभारण्याऐवजी हजारो जागी छोट्या पेट्या विखुरण्याची पद्धत पडली.

गैरसमज: पेटी एकदा ठेवली की काम संपले.

वस्तुस्थिती: खेळाच्या नियमानुसार नांगरलेली पेटी सुमारे ३० दिवस कोणी उघडली नाही तर ती नाहीशी होते. तिची मुदत वाढवायची तर कोणीतरी तिथे जाऊन ती उघडावी लागते. मात्र वर्महोल प्रणालींच्या वाटा सतत बदलतात, त्यामुळे ठरल्या दिवशी ठरल्या प्रणालीत जाणे कोणाच्याच हातात नसते. सदस्य भटकत असताना ज्या प्रणालीत पोहोचतात तिथली पेटी तपासतात, नोंद अद्ययावत करतात आणि पेटी नसेल तर नवी ठेवतात. या कामात ठेवण्यापेक्षा जोपासण्याचेच श्रम जास्त आहेत. या संघटनेतील 'कातिया साए' या खेळपात्राने एकही जहाज न गमावता खेळातील ७,८०५ प्रणालींना भेट देऊन २०१९ मध्ये ही फेरी पूर्ण केली. तिला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. पेट्यांचे क्षेत्र किती अफाट आहे याचा त्यावरून अंदाज येतो.

खाणीतील उपकरणांनाही हाच नियम. फिल्टर पद्धतीच्या स्व-बचावकात ओल शिरली की हॉपकॅलाइट निकामी होते आणि बाहेरून डबा मात्र तसाच दिसतो. म्हणून त्याचे ठरावीक काळाने वजन करतात. वजन मर्यादेबाहेर वाढले असेल तर उपकरण बाद होते.

गैरसमज: पेटीचा पत्ता मिळाला की सुटका नक्की.

वस्तुस्थिती: पेटी फक्त साधन देते, वाट शोधण्याचे काम अडकलेल्यालाच करावे लागते. त्याच्याकडे जहाज असावे, प्रोब चालवण्याचे कौशल्य असावे. लाँचरच नसेल तर तो अवकाशातच जहाजावर बसवण्यासाठी 'मोबाइल डेपो' नावाचे साधनही लागते. जहाज नष्ट होऊन खेळाडू केवळ सुटका-कुपीत उरला असेल, तर पेटीतील लाँचर तो कशावर बसवणार? तेव्हा प्रत्यक्ष माणूसच पाठवावा लागतो. त्या प्रणालीत नेणारी वाट सिग्नल कार्टेलचे सदस्य शोधत राहतात. वाट सापडली की एक जण आत जाऊन अडकलेल्याला बाहेर आणतो. हा शोध कधी काही तासांत लागतो, कधी त्याला कित्येक दिवस जातात.

खाणीत हे दोन टप्पे स्पष्टपणे वेगळे ठेवलेले असतात. पहिल्या काही मिनिटांत कामगाराने स्वतःजवळच्या उपकरणाने बाहेर पडायचे. त्यानंतर श्वसनयंत्रे लावलेले बचावपथक आत जाते. भारतात १९८५ च्या खाण बचाव नियमांनुसार बचाव केंद्रे चालतात. पथकांतील बरेच जण खाणींतलेच, पण बचावाचे खास प्रशिक्षण घेतलेले कामगार असतात. नागपूरचे अशा प्रशिक्षणाशी जुने नाते आहे. १९५७ मध्ये इथे केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली.

गैरसमज: खेळातले मरण फुकट असते, मग बचावाची गरजच काय?

वस्तुस्थिती: अडकलेल्या खेळाडूला जहाज आणि नंतर सुटका-कुपी स्वतःच उडवून देता येते. त्याचे खेळपात्र मग ठरलेल्या स्थानकावर नव्या देहात जागे होते. परंतु जहाज, त्यातील माल आणि देहात बसवलेली महागडी इम्प्लांट्स परत मिळत नाहीत. जहाजासाठी विमा असतो, मालासाठी नसतो. काही खेळाडूंनी त्या मालासाठी आठवडेच्या आठवडे घालवलेले असतात. त्यामुळे स्वतःला उडवून देण्याचा पर्याय हाती असूनही पेटीची वाट पाहणारे असतात. खाणीत असा दुसरा पर्याय कोणालाच नसतो. दोन्हींमधला हा फरक कोणत्याही साम्याने पुसला जात नाही.

गैरसमज: ही सोय खेळ बनवणाऱ्या कंपनीने केली आहे.

वस्तुस्थिती: सीसीपी गेम्सने कुलूप लावता येणारी पेटी दिली, ती माल साठवण्यासाठी. तिचे बचावपेटीत रूपांतर खेळाडूंनी केले. पत्त्यांची नोंदवही, मदतीचे निरोप घेणारे सदस्य, सांकेतिक शब्द कोणाला आणि केव्हा द्यायचा याची शिस्त, हे सगळे खेळाच्या आज्ञावलीत कुठेच नाही. सुटका झालेल्याकडून मोबदला मागितला जात नाही. खाणीत हीच जबाबदारी कायद्याने व्यवस्थापनावर असते आणि ती पाळली जाते की नाही हे खाण सुरक्षा महासंचालनालय तपासते. खेळात तपासणारी यंत्रणा नाही. पेटीवर विसंबणाऱ्याला आधार असतो तो पेटी ठेवणाऱ्यांनी नोंद खरी राखली असण्याचा.

गैरसमज: जी पेटी कधीच वापरली गेली नाही ती वाया गेली.

वस्तुस्थिती: बहुसंख्य पेट्या कोणी अडकलेला न येताच मुदत संपून नाहीशा होतात. बहुतेक कामगारांचे स्व-बचावकही एकदाही न वापरता बाद होतात. कोण, कुठे, कधी अडकेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळीकडे ठेवावे लागते आणि सगळीकडे ठेवले की त्यातले बरेचसे पडून राहणारच. अशा व्यवस्थेचे मोजमाप वापरलेल्या साहित्याच्या संख्येवर होत नाही. मागितले तेव्हा ते जागेवर आणि चालू स्थितीत होते की नव्हते, एवढेच पाहिले जाते.