उबवणीची अंडी पार्सलने पाठवताना

मित्रांनो, मेसमधलं अंडं फुटलं तर भुर्जी होते. उबवणीचं फुटलं तर पिल्लूच जातं. मेकॅनिक्समध्ये आपण शिकलोच आहोत, धक्का जितक्या जास्त वेळात जिरतो तितकं बल कमी. म्हणून प्रत्येक अंडं बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि निमुळतं टोक खाली करून खोक्यात घट्ट बसवा. हे खोकं मोठ्या खोक्यात ठेवून चहूबाजूंनी लाकडाचा भुसा भरा. हलवल्यावर आत काही सरकलं, तर पॅकिंग पुन्हा करा!

पण कवच शाबूत म्हणजे काम फत्ते, असं नव्हे. रुंद टोकाकडची हवेची पोकळी हादऱ्यांनी आतल्या आत सुटू शकते. म्हणून पार्सल आल्यावर अंडी तशीच, टोक खाली ठेवून, २४ तास हलवू नका. मगच खुडूक कोंबडीखाली ठेवा. पुढचे २१ दिवस तिचे!