जुना पीसी नेमका कुठं अडतो?

मंडळी, जुलैअखेर जवळ आली की नांदेड-लातूरकडच्या सेवा केंद्रांवर पीक विम्याचे अर्ज भरायला रांग लागते. नेमका तेव्हाच दहा वर्षांचा पीसी अडून बसतो. शेतकरी सातबारा घेऊन उभा, पडद्यावर गोल फिरतंय. मग केंद्रवाला टास्क मॅनेजर उघडतो आणि दिसेल त्याला 'एंड टास्क' करत सुटतो. आज एवढंच बघू, की बंद करण्याआधी ओळखायचं कसं.

विंडोज 7 मध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस'समोर 97 दिसतं. लोकांना वाटतं, हेच मशीन खातंय. उलट आहे बघा. प्रोसेसर 97 टक्के रिकामा बसलाय, असा त्याचा अर्थ.

मग संथ का? तर डिस्क बघा. विंडोज 10 मध्ये तिचा रकाना टास्क मॅनेजरमध्येच असतो, 7 मध्ये रिसोर्स मॉनिटर उघडावा लागतो. जुन्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला 120. ऐकायला दांडगं वाटतं, पण चार ठिकाणचं एकदम मागितलं की तिचं हेड नुसतं पळत राहतं. पंधरा दिवस बंद असलेलं मशीन चालू केलं, की अपडेट, डिफेंडरची तपासणी, सर्च इंडेक्सिंग सगळं एकदम तिच्यावर तुटून पडतं. हा बिघाड नव्हे. आदल्या संध्याकाळी मशीन नेटला लावून दोनेक तास चालू ठेवा.

आता यादीतलं सगळ्यात बदनाम नाव, 'एसव्हीसी होस्ट'. ही आपली एसटी समजा. गाडी एक, आत प्रवासी अनेक. ते प्रवासी म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसेस. 2017 च्या अपडेटपासून विंडोज 10 बहुतेक सर्व्हिसेसना वेगळी गाडी देतं, पण रॅम साडेतीन जीबीपेक्षा जास्त असेल तरच. तुमच्या दोन जीबीच्या मशीनवर अजून कित्येक जण एकाच गाडीत. गाडी बंद केली, की त्यातले सगळेच उतरले, नेटसुद्धा गेलं असेल! म्हणून राइट क्लिक करून 'गो टू सर्व्हिसेस' घ्या, आत कोण बसलंय ते बघा, आणि संशय असेल तेवढीच सर्व्हिस थांबवा. जुन्या डिस्कवर 'सिसमेन' थांबवून बघायला हरकत नाही. पूर्वी तिलाच सुपरफेच म्हणायचे. 'एलसॅस'ला मात्र हात लावू नका, मशीन सरळ रीस्टार्ट होतं.

नाव खरं पण माल खोटा, असंही असतं. 'ओपन फाइल लोकेशन' केल्यावर एसव्हीसी होस्ट विंडोजच्या सिस्टिम32 फोल्डरमध्ये निघायला पाहिजे (कधी सिसवॉव64 मध्ये). डाउनलोड्स किंवा टेम्पमध्ये निघाला तर आधी नेट काढा, मग स्कॅन. वेग मिळावा म्हणून अँटिव्हायरस बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. अहो, त्या मशीनवर गावाची आधार कार्डं आणि पासबुकं स्कॅन करून ठेवलीत!

यादीत काहीच सापडत नाही आणि दुपारीच मशीन दमतं, तर कॅबिनेट उघडा. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार. पंख्यात धूळ बसली, की प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. मशीन बंद करून ब्लोअर मारा.

फॉरमॅट शेवटी. त्याआधी डेस्कटॉपवरचं सगळं पेनड्राइव्हवर घ्या, कारण डेस्कटॉप सी ड्राइव्हवरच असतो आणि फॉरमॅट त्याचाच होतो.