चौकटीवरच्या रेघा, नडगीतल्या रेघा

डोंबिवलीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर वाढदिवसाला भाचीच्या डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं आणि रेघ ओढायची. "मामा, टाचा उचलल्या नाहीत हं!" हे ती टाचा उचलूनच सांगते.

अशाच रेघा प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या नडगीत ओढता येतात. तिथली पेन्सिल म्हणजे टेट्रासायक्लिन. हे प्रतिजैविक त्या क्षणी घडत असलेल्या हाडात जाऊन बसतं आणि अतिनील प्रकाशात पिवळं चमकतं. दोन पिवळ्या रेघांमधलं अंतर, तेवढी वाढ. १९९९च्या एका प्रयोगात औषध न दिलेल्या माद्यांची नडगी दिवसाला ४२ मायक्रॉन वाढली, तर इपामोरेलिनचा सर्वांत मोठा डोस मिळालेल्यांची ५२. केसाच्या जाडीहूनही कमी अंतर, पण मोजता आलं! इपामोरेलिन म्हणजे अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी. ती पीयूष ग्रंथीला वृद्धी-संप्रेरक सोडायला लावते. (जिममध्ये कुणी असली कुपी दाखवलीच, तर एवढं आठवा: उंदराच्या हाडांची वाढती टोकं मोठेपणीही बराच काळ उघडी राहतात, आपली वयात आल्यावर बंद होतात.)

खरी गंमत उलट्या क्रमाची आहे. इपामोरेलिनच्या जातीची किल्ली आधी माणसानं बनवली, ती जिथं बसते ते कुलूप, म्हणजे पेशीवरचा ग्राही, १९९६मध्ये सापडलं आणि शरीराची स्वतःची किल्ली १९९९मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांना मिळाली. तीही मेंदूत नव्हे, उंदराच्या जठरात! तिचं नाव घ्रेलिन. भुकेल्या पोटी हीच रक्तात वाढते. कल्याणच्या फलाटावर वडापावच्या वासानं जीव कासावीस होतो, तेव्हा हे पोट पीयूष ग्रंथीशीही बोलत असतं.

पीयूष ग्रंथीला वृद्धी-संप्रेरक सोडायला सांगणारी मेंदूची किल्ली वेगळी, जीएचआरएच नावाचं संप्रेरक. तिचं कुलूप मोडलेला 'लिटल' नावाचा उंदीर बुटकाच राहतो. त्याचं कारण १९९३मध्ये कळलं. तेच कुलूप माणसातही मोडतं. मुंबईच्या डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या न वाढणाऱ्या मुलांमधला हा बिघाड २००५मध्ये मांडला. कुलपाचं प्रथिन ७२व्या अमिनो आम्लापाशीच तुटतं. सिंधमधल्या काही कुटुंबांतही हाच दोष आहे. त्यांच्यातल्या काहींना हेक्झारेलिन, म्हणजे जठराच्या किल्लीच्याच कुलपात बसणारी मानवनिर्मित किल्ली, टोचून पाहिलं. वृद्धी-संप्रेरक हललंच नाही. पोटानं कितीही दार ठोठावलं, तरी मेंदूच्या किल्लीचं कुलूप धड नसेल तर ते उघडत नाही. अशा मुलांना मग थेट वृद्धी-संप्रेरकच टोचावं लागतं.